न सोडलेली पट्टी

आजोबा, काल संध्याकाळी पप्पांनी ओट्यावरच्या चपला मोजल्या. पाच जोड निघाले. माझी शेअरची जीप चारोटीला प्रवाशांनी भरेपर्यंत थांबली होती, मी पावणेआठला पोचले, तोवर आईने कुणाचंही ताट घेतलं नव्हतं. "सहावा जोड आला, वाढ आता," पप्पा म्हणाले. वाक्य तुमचंच. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. तलासरीच्या एका कारखान्यात दाबमापकं तपासते, कुठलं शून्यापासून किती सरकलंय ते सांगते. मस्कतच्या एका कंपनीने मला बोलावलंय. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

चपला मोजायची सवय तुमची. फाळणीच्या वेळी कराचीच्या बंदरात चौदा वर्षांचे असताना तुम्ही तुमच्या काकांबरोबर बोटीत चढलात, तुमची आई मागच्या बोटीने येणार होती. तुम्ही एवढंच सांगायचात. पुढचं आजीने सांगितलं. मागची बोट आली, तिच्यात आई नव्हती. मग गंजाडला दुसऱ्याच्या वाडीत कलमं बांधलीत, पुढे स्वतःची वाडी केलीत. माझ्या मोठ्या काकांना नाशिकला नोकरी लागली तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, आणि काका गेले नाहीत. आत्यासाठी स्थळ पाहिलंत तेही डहाणूतलंच. ताप आला तर रात्रभर उशाशी बसायचात, पहिला पिकलेला चिकू कधी स्वतः खाल्ला नाहीत. आम्ही याला माया म्हणायचो आणि ती होतीच. फक्त तिला बाहेर जायचं दार नव्हतं.

आठवणीत मी दहा वर्षांची आहे. चिकूच्या मोठ्या झाडाखाली लाकडी माच, माचावर पिशव्यांत रायणीची रोपं, चिकूचं कलम त्यांच्यावरच बांधतात. प्रत्येक रोपाला त्या झाडाची एक फांदी प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली. दोन्ही एकजीव झाल्यावर फांदी मोठ्या झाडापासून सुटी करायची. तुम्ही सुरीने अर्धाच काप देता.

"पुरी तोडा ना, आजोबा."

"एकदम नाही, बेटा. आज अर्धी, पंधरा दिवसांनी पुरी. आईपासून एकदम तोडलं तर सुकतं."

"मग तुम्ही कसे नाही सुकलात?"

तुम्ही सुरी धोतराला पुसता. ती स्वच्छ झाल्यावरही पुसत राहता. "तोंड फार चालतं तुझं," तुम्ही म्हणता. "हात चालव."

नंतर पट्ट्या सोडायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. वेळेत सोडली नाही तर पट्टी वाढत्या खोडात रुतते आणि असं कलम विकायचं नसतं, हे दोनदा बजावलंत. चाळीस कलमं होती. काही महिन्यांनी टेम्पो आला, तुम्ही एकेक हातात घेऊन पाहायला लागलात आणि शेवटच्या एकावर थांबलात. "गिऱ्हाईकाला हे देऊ? डोळे कुठे होते तुझे?" टेम्पोवाल्यासमोर ओरडलात. मी म्हटलं, विसरले. दुसऱ्या दिवशी ते कलम तुम्ही विहिरीजवळ लावलंत. "आता हे तुझं. सांभाळ."

आज सकाळी टेप घेऊन मोजलं. पट्टीच्या जागी घेर बेचाळीस सेंटिमीटर, त्याच्या जरा वर चोपन्न. फळ धरतं. वारा सुटला की मात्र त्या अरुंद जागी वाकतं, म्हणून पप्पांनी बांबूचा टेकू दिलाय.

कासाच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. "तू नाही ना जाणार?" मी सतरा वर्षांची होते. नाही म्हटलं. तुम्ही पकड सैल केलीत आणि पेज प्यायलात. त्या एका शब्दाला अकरा वर्षं झाली. या काळात बाहेरच्या तीन नोकऱ्या मी स्वतःच नाकारल्या आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात तुमच्याकडे बोट दाखवलं.

मस्कतला द्यायचा होकार लिहून तयार आहे, पाठवलेला नाही. हे पत्र तर कुठेच जाणार नाही, म्हणून यात नोंद चुकीची ठेवत नाही. ती पट्टी मी विसरले नव्हते. पट्टी सोडलेली सगळी कलमं टेम्पोतून जाणार, हे मला माहीत होतं. एक तरी घरी राहावं, असं वाटलं.