कुशीवर

प्रिय ठमीच्या बाबा,

वेगळे झाल्यापासून तुला शाळेच्या सह्यांपुरतंच लिहिलंय, म्हणून पत्र बघून दचकू नकोस. ठमी बरी आहे. म्हणजे दिवसा बरी आहे. तिच्या घोरण्याचं तुझ्या आईंना केवढं कौतुक, आजोबांवर गेलीय म्हणायच्या. मीही हसायचे. आता ती वर्गात डुलक्या काढते, सकाळी डोकं धरून बसते. डॉक्टरांनी घसा बघितला. टॉन्सिल सुजून एकमेकांना टेकलेत, झोपेत श्वास अडत असणार म्हणाले.

झोपेच्या तपासणीला रात्रभर दवाखान्यात ठेवलं तर बाईसाहेबांनी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. मग यंत्र घरी दिलं. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. लाल बोट नाचवत आरशासमोर जादूगार झाली आणि मला बिलगून झोपली. रिपोर्ट आला, जवळजवळ सगळं ठीक. मला रडूच फुटलं, खोटं कशाला बोलू.

पण डॉक्टरांना पटेना. ती कशी झोपलीय तेही त्या पट्ट्यात नोंदलं जातं. उताणी झाली, श्वास अडायला लागला, की लगेच कुशीवर. रात्रभर तेच. त्यांनी विचारलं, "हिला वळवतं कोण?" मी म्हटलं, कुणी नाही, मी तर गाढ झोपले होते. आणि बोलता बोलता माझं मलाच उमगलं. तू गेल्यापासून मी तिच्या छातीवर हात ठेवूनच झोपते. श्वास थांबला की माझा हात झोपेतच तिला वळवतो. असा रिपोर्ट असताना टॉन्सिलचं ऑपरेशन करता येत नाही म्हणतात. आणि एखाद्या रात्री माझा हात उठलाच नाही तर?

शनिवारी यंत्र पुन्हा मिळणार आहे. एक रात्र तिला कुणी हात लावायचा नाही, म्हणजे श्वास खरा किती अडतो ते यंत्रात उमटेल, एवढंच सांगितलंय. तिला झोपवून मी दुसऱ्या खोलीत झोपून बघितलं. भिंतीपलीकडे तिचा श्वास अडला की मी धावत जातेच. एकटी ती झोपत नाही. आणि तू झोपलास की तुझ्या उशाशी ढोल वाजवले तरी ढिम्म. पोर रडून रडून लाल व्हायची, तू कूससुद्धा बदलायचा नाहीस. त्यावरून मी तुला काय काय बोलले, तिथूनच आपलं फाटत गेलं. आज त्याच झोपेसाठी तुला बोलावतेय. ये. तिच्याशेजारी झोप, तिचा श्वास अडू दे, तू उठू नकोस. आणि झोपण्याआधी माझ्या खोलीला बाहेरून कडी घाल. मी कितीही दार वाजवलं तरी उघडू नकोस.

तुझ्याच ठमीची,
आई