लेथवरचा कोरा चहा

प्रिय अप्पा,

आज खंडेनवमी. लोखंड-पितळ कातणाऱ्या तुमच्या लेथला घासूनपुसून झेंडूचा हार घातला आणि हात जोडताना तुमच्याशीच बोलावंसं वाटलं. मशीन आज बंद, म्हणजे मला सवड आहे. शिवाय एक गोष्ट विचारायचीच आहे.

घरी सायीसकट चहा पिणारा माणूस साकीनाक्याच्या कारखान्यात टपरीवरचा कोरा चहा का प्यायचा हो? आई रोज थर्मास भरून द्यायची, तो तुम्ही तसाच्या तसा परत आणायचात. "ह्यांना माझ्या हातचा चहा गोड लागत नाही," हे पालुपद आम्ही जन्मभर ऐकलं. तुम्ही नुसते हसायचात. काय म्हणावं तुम्हाला!

तुम्ही गेल्यावर शटर मी उघडलं. काका म्हणाला, "ह्या काम बायलमाणसाचा न्हय गो. मशीन इकून टाक आनि मोकळी हो." मी हटून बसले. माप घेण्यापासून टूलला धार लावण्यापर्यंत सगळं तुमच्याकडूनच तर शिकले होते. सकाळी मशीन सुरू करून त्याच्या डोक्यावर चहाचा ग्लास ठेवायचा, चहा संपेपर्यंत कामाला हात लावायचा नाही, ही तुमची रीतसुद्धा पाळली. फक्त चहा आईचा, दुधाचा. वाटलं, तुमचं राहिलेलं मी भरून काढतेय!

आणि वाट लागली. मुलुंडच्या शेटनी पितळी बुशांचा, त्या गोल नळकांड्यांचा, अख्खा लॉट परत पाठवला. प्रत्येक बुशच्या अंगावर बारीक लाटा. "बेटा, अजून एकदा बघतो. नायतर काम दुसरीकडे देणार," म्हणाले. ते काम गेलं असतं तर मशीन विकावंच लागलं असतं. टूल बदललं, पट्टा ताणला. लाटा काही जाईनात.

त्यातच एका सकाळी घरचं दूध नासलं. "आज कोराच ने गं," आई म्हणाली. सवयीने ग्लास मशीनवर ठेवला आणि बघतच राहिले. चहावर थरथर! तीही एकसारखी नाही, मधेच उसळणारी. इतके दिवस ती सायीखाली दिसतच नव्हती. मिस्त्रीने मशीन खोललं, तर बेअरिंग गेलेलं. नवीन बसवल्यावर चहा शांत झाला आणि बुशही गुळगुळीत निघाले. शेटनी नवा लॉट ठेवून घेतला. काका आता मशीन विकायचं नाव काढत नाही.

सगळं हाताला धरून शिकवलंत, मग एवढंच कसं राहिलं? विसरलात, की माझं मला कळेल असं वाटलं? आणि तुम्हाला कोणी शिकवलं? गिरणीत मशीनवर काम करणाऱ्या आजोबांनी? आई म्हणते, आजोबा घरीसुद्धा कोराच प्यायचे, दूध परवडायचं नाही म्हणून. मग त्या बिनदुधाच्या चहातच त्यांना हे पहिल्यांदा दिसलं असेल का? आता हे विचारू तरी कोणाला?

आईला मात्र सांगितलं. तर म्हणाली, "एवढं तोंडाने सांगता येत नव्हतं ह्यांना? उगीच जन्मभर रुसले ना मी!" आणि डोळे पुसत हसली.

तर अप्पा, शब्द देते. मशीनसाठी रोज कोरा चहा ठेवीन, आणि जो कोणी शिकायला येईल त्याला तो का ठेवायचा तेही सांगेन. आणि आईचा थर्मास आता कारखान्यातून भरलेला परत जाणार नाही.

तुमची,
सुमी