वहीवरचं कुंकू

नाना, तुमची वही माझ्याकडे आहे. इथे विंडसरला सरहद्दीवरच्या नदीच्या काठी उभं राहिलं की पलीकडे डेट्रॉइट दिसतं, आणि रोज कामाला जाताना बोगद्यातून मी तुमच्या त्या माणसाच्या देशात जातो. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलंत, पण जीव अडकला तो त्या एकाच माणसात; वहीभर त्याचीच गोष्ट. सगळी माणसं समान जन्मतात असं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारा, सरकार लोकांच्या संमतीवर उभं असतं आणि ते जुलमी झालं तर बदलायचा हक्क लोकांचाच, असं राजाला ठणकावणारा, आणि घरी शेतावर गुलाम राबवणारा. आठवीत मी भर वर्गात त्याला ढोंगी म्हणालो होतो. तुम्ही खडू खाली ठेवलात. मला वाटलं, आता कानफटात बसणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "ढोंगी म्हण खुशाल. पण त्याला कळत होतं रे. कळत असून भ्याला. तुझ्यावर तशी वेळ आली की मला सांग." वेळ आली तेव्हा तुम्ही नव्हता.

न्यूयॉर्कचे मनोरे पडून तीनेक वर्षं झाली होती. दसऱ्याला सकाळी घरी पाटीपूजन केलं. तुमच्या नातीने तुमची वही मांडली, कारण महिनाभर मी तिला रात्री त्यातलंच वाचून दाखवत होतो. संध्याकाळी पलीकडे मित्राकडे आरती होती, म्हणून बायको, मी आणि लेक निघालो; लेक वही घेऊनच गाडीत बसली. तपासणीच्या खिडकीपाशी गाडी थांबते. अधिकारी तरुण आहे, चेहरा दगडासारखा. तो वही मागतो. कव्हरवर हळदकुंकू, आत न कळणारी अक्षरं, लाल शाईच्या रेघा, आणि मध्येच तुम्ही चिकटवलेलं त्यांच्या राजधानीचं वर्तमानपत्रातलं चित्र. ही लाल पावडर कसली आणि लिहिलंय काय, असं तो विचारतो. सरकार बदलायचा हक्क, हे शब्द माझ्यासारख्या रंगाच्या माणसाने त्या खिडकीपाशी कसे उच्चारायचे? नोकरी पलीकडे, परमिट त्याच्या हातात. मी म्हणतो, प्रार्थनेचं पुस्तक आहे, वडिलांचं. मागच्या सीटवरून आवाज येतो, "बाबा, दॅट्स नॉट अ..." मी हात मागे नेऊन तिचा गुडघा दाबतो. जोरात. तो आम्हा तिघांकडे पाहतो, वही परत देतो आणि जा म्हणतो. त्यांच्याच देशाच्या कर्त्या पुरुषाची गोष्ट होती हो ती, सांगितली असती तर कदाचित हसलाही असता. आरतीत मी सगळ्यांच्या मागे, दाराशी उभा राहिलो. घरी येऊन बायकोने वही देव्हाऱ्यात पोथ्यांच्या शेजारी ठेवली. म्हणाली, निदान खोटं तरी खरं होऊ दे. नातीने त्यातलं पुढे वाचायला कधी सांगितलं नाही, आणि मीही काढली नाही.

आता ती सतराची आहे, तुमच्यासारखीच वाद घालते, घरात. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि माझं एकही वाक्य सोडत नाही. तुम्हाला फार आवडली असती. मागच्या आठवड्यात आम्ही दोघं पलीकडे कॉलेज बघायला निघालो. मांडीवर लायब्ररीचं पुस्तक होतं, त्याच माणसावरचं, शाळेच्या निबंधासाठी तिने स्वतःहून निवडलेलं. ते पाहून माझा ऊर भरून आला होता. बोगदा संपला, खिडकी दिसली. मी काही बोललो नव्हतो, नाना, तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. तिने पुस्तक मिटलं, वाकून सीटखाली सरकवलं आणि हात गुडघ्यावर ठेवून ताठ बसली.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच ठेवतो. तुम्ही सांग म्हणाला होतात म्हणून सांगतो. तिने पुस्तक लपवलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.