आईच्या डोक्यावरची निळी टोपी

मिलर्स फोर्ड, नेब्रास्का
१४ जून १८७८

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. मी बरी आहे. आशरचा खोकला थांबला का? लाल गाय एव्हाना व्यायली असेल. तिला चार दिवस कोमट पाणी द्या, आई द्यायची.

काल जमीन कचेरीत गेले. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "नवरा नाही, काही नाही. एकशे साठ एकर घेऊन करणार काय, बाई?"

"मका लावीन."

साक्षीला आलेले शेजारचे टॉलेफसनकाका कारकुनाला ऐकू जाणार नाही असं माझ्या कानाशी हसले. "कॉलेजात जाऊन आलीस, पोरी. मका कुठल्या बाजूने उगवतो ते आठवतं ना?"

मग कारकुनाने बायबल पुढे सरकवलं. "पाच वर्षं या जमिनीवर तुम्हीच राहिलात?"

खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. जो राहील त्यालाच सरकार जमीन देतं. तुमचा तुकडा कोरडा, झरा माझ्या नावच्या तुकड्यात. म्हणून मी शिकायला गेले तेव्हा तुम्ही आईला तिथल्या मातीच्या खोपटात राहायला धाडलंत. माझी निळी टोपी घालून, चूल पेटवून. लांबून बघणाऱ्याला मीच वाटावी म्हणून. आईने मला लिहिलं होतं, "तुझ्या टोपीत मी वीस वर्षांची दिसते गं, थिरझा." ते पत्र मी मैत्रिणींना हसत हसत वाचून दाखवलं.

जानेवारीत तुम्ही कळवलंत, ताप आला आणि गेली.

कचेरीबाहेरच्या बाकावर टॉलेफसनकाकांना राहवलं नाही. जानेवारीतलं ते बर्फाचं वादळ दुसऱ्याच दिवशी थांबलं होतं म्हणाले. तुम्ही गोठा सोडून तिच्याकडे निघालात ते चौथ्या दिवशी. जाळायला पिळून ठेवलेलं गवत संपलं होतं. खुर्चीही जाळून झाली होती. टोपी डोक्यावरच होती.

पदवी घेताना मी सत्यावर भाषण केलं होतं, बाबा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काल त्याच तोंडाने खरं सांगितलं असतं तर जमीन गेली असती, आणि झऱ्याकाठच्या आईच्या थडग्यावरून कुणा परक्याचा नांगर फिरला असता. मी बायबलवर हात ठेवला. "हो, मीच राहिले. दुसरं कुणी नाही."

आता सरकारी कागदावर आई तिथे एक दिवसही राहिलेली नाही.

तुम्ही लिहिता, जमीन तुझ्या भावाच्या, आशरच्या नावे करून दे, शिकलेल्या पोरीला माती कशाला. नाही करणार. तुमची गुरं झऱ्यावर पाणी पितील, त्यांना मी अडवणार नाही. काठावर मात्र नांगर आणू नका.

सप्टेंबरात येते आहे, तिथेच राहायला. टोपी टाकून दिली नसेल तर खुंटीला लावून ठेवा.

जिच्या नावाने आई तिथे राहिली ती,
थिरझा