दुबईच्या मेलमधलं लॅटिन

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. मेहरूण.
सकाळी सावद्याहून तेजसचा मेल. तेजस म्हणजे माझ्या बहिणीचा, बेबीचा मुलगा. पुण्याची नोकरी सोडून गावात केळी एक्सपोर्टची कंपनी काढली आहे. दुबईच्या एका व्यापाऱ्याने रमजानसाठी पहिला कंटेनर मागितला. पॅकिंग कसं, कापणी कधी, एवढं शुक्रवारपर्यंत लेखी कळवायचं. उत्तर लिहून तेजसने ते माझ्याकडे तपासायला पाठवलं. कारण ऑफिसच्या पूजेचा नारळ मी फोडला, आणि तेव्हाच बेबीने सगळ्यांसमोर जाहीर केलं की भाऊच्या नजरेखालून गेल्याशिवाय इंग्रजीचं एक अक्षर बाहेर जायचं नाही. संस्कृतात एम.ए., वर कित्येक वर्षांची वार्ताहरकी. निवड योग्यच.
मेव्हण्यांची, तोतारामदाजींची, अट कडक. हा कंटेनर गेला तर कंपनी. नाहीतर तेजसने मुकाट्याने पुणं गाठायचं.
संकल्प: उत्तर आजच परत पाठवणे.

सायंकाळी ६.
नाही पाठवलं. पहिल्याच ओळीत घात. 'आमचा माल, ई.जी. ग्रँड नैन.' अरे, तुझ्याकडे जात एकच, मग उदाहरण कसलं देतोस? तिथे आय.ई. हवं. आय.ई. म्हणजे आपलं अर्थात्, ई.जी. म्हणजे यथा. आमच्या शास्त्रीबुवांसमोर ही गल्लत केली असती तर अख्खा तास वर्गाबाहेर.
खाली पुन्हा ई.जी., आणि त्याच वाक्याच्या शेवटी एटसेट्रा. उदाहरणं दिली म्हणजे यादी पुरी नाही हे आलंच. वर 'इत्यादी' कशाला? पोरांना कोण शिकवतं हे?

४ फेब्रुवारी.
दोन्ही दुरुस्त केलं. मग शंका. पॅकिंगची यादी पूर्ण दिली आहे, तर तिथे व्हिज. नको का? व्हिज. म्हणजे 'नामे'. सातबाऱ्याच्या भाषेतलं. भारदस्त दिसेल.
दुपारी तेजसचा फोन. झालं का मामा? म्हटलं, पाया भरतोय, घाई करू नकोस. 'बरं मामा' म्हणाला. गुणी पोरगा.
सौ. म्हणाली, केळ्यांचा मेल आहे की केळ्यांवरचं भाष्य? दुर्लक्ष केलं.

५ फेब्रुवारी. धुळे.
बसने देवपूरला. नवीन सर, नावापुरतेच नवीन, इंग्रजीचे निवृत्त प्रोफेसर, जुने स्नेही. व्हिज.विषयी त्यांचं मत घेतलं. मेल वाचून म्हणाले, "यात चूक काय राहिली आता? पाठवून टाका की!" शास्त्रार्थ नको असला की माणसं असंच बोलतात. चहा चांगला होता.
सर आपल्या जुन्या सहकाऱ्यांच्या गोष्टी सांगत होते, त्यावरून आठवलं. तेजसने खाली 'तोताराम एट अल' लिहिलं आहे. एट अल म्हणजे 'आणि इतर मंडळी', माणसांसाठी, हे बरोबर. पण ते ग्रंथकारांच्या नावांमागे शोभतं. केळीच्या बागेला?
परतीची बस उशिरा आली. आजचा दिवस प्रवासात गेला, माझा इलाज नाही.

६ फेब्रुवारी.
सकाळी सकाळी दाजींचा फोन. "भो, घड काही तुमच्या मेलची वाट पाह्यत नाहीत. रोज भरून राह्यले. आता कापले नाही त जहाजातच पिकतीन. मंग दुबईवाल्याले काय शिकरण पाठवू?"
मी शांतपणे एट अलची अडचण समजावली. फोन कट झाला. सावद्याला नेटवर्कचा त्रास फार.
मेल आता दोन पानी झाला आहे. समोरच्याचा गैरसमज नको म्हणून प्रत्येक संक्षेपाखाली टीप दिली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
प्रिंटर बंद. कागदावर वाचल्याशिवाय चुका दिसत नाहीत. तसंही आज जुम्मा, तिकडे कोण मेल उघडून बसलंय? सोमवारपर्यंत सवलत धरायला हरकत नाही.
चार वाजता तेजस. आवाज बारीक. मामा, माझा होता तसाच पाठवून देऊ का? आज शेवटचा दिवस आहे. म्हटलं, खुशाल पाठव, फक्त कंपनीचा नारळ कोणी फोडला ते कोणाला सांगू नकोस. मग 'नाही पाठवत मामा' म्हणाला.
संस्कार दिसतात.
रात्री ताट बाजूला सारून टीपा पुन्हा तपासत बसलो.

१० फेब्रुवारी, सोमवार.
निर्दोष प्रत सकाळी तेजसकडे. त्याने लगेच दुबईला पाठवली. जेवायच्या आत उत्तर. त्याने ते मला पुढे धाडलं, सोबत शब्द नाही. इंग्रजीत एकच ओळ: आभारी आहोत, दुसऱ्या पार्टीकडून घेतलं.
काय घेतलं, ते लिहिलेलं नाही. असल्या ढिसाळ लिहिणाऱ्याशी व्यवहार न झालेला बरा, असं तेजसला कळवावं म्हणून फोन हातात घेतला. लावला नाही.

१२ फेब्रुवारी.
असलमभाईंचा फोन. दाजींचा माल वर्षानुवर्षं हेच उचलतात. म्हणाले, "मामू, माल फस्ट क्लास था, जरा भर गया था बस. दुबई जानेवाला था, दिल्ली रवाना कर दिया."
तेजस कसा आहे, विचारलं.
"क्या बोलूँ! कंपनी के नाम के खोके छपवाए थे ना उसने, वो शेड में वापस जमा रहा था. मैंने बोला छोड़ ना भाई, मजदूर करेगा. बोला, नहीं, मैं ही जमाऊँगा."

१६ फेब्रुवारी, रविवार. सावदा.
कोणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो. उशीर परिस्थितीमुळे झाला, हे समक्ष सांगावं असा विचार. मुद्दे बसमध्ये काढून ठेवले होते. कोणी विचारलं नाही. दाजींनी मोठ्या आवाजात ताज्या भाजीचं कौतुक केलं आणि ते बागेत निघून गेले.
बॅग दारात भरलेली. तेजसला पुण्याच्या जुन्या कंपनीने परत घेतलं. अर्ज इंग्रजीत होता, चांगला पानभर. मला माहीत नव्हतं. बेबीला म्हटलं, एकदा माझ्याकडे धाडायचा. ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, त्याले आता घाई व्हती."
स्टँडवर सोडायला मीच गेलो. तेजस वाकून पाया पडला. राग नाही, काही नाही. असता तर बरं झालं असतं. गाडीत चढताना म्हणाला, "मामा, पोचलो की फोन करेन. मेसेज नाही करत, फोनच करतो."
मी 'बरं' म्हणालो. खाली टीप जोडली नाही.