त्या दिवशीची किंकाळी

मैनावन्सं,

तुमच्या दादांना स्मशानात नेलं तेव्हा तुम्ही माझा चेहरा हातांत धरून म्हणालात, "वयनी, रड गो, मोकली हो." मी अशी किंचाळले की रेवदंड्यातल्या बाया अजून म्हणतात, "नवऱ्यासाठी रडावं तर हिच्यासारखं!"

वन्सं, तुमचा अंगठा गालाला लागला आणि तिथली माझी जुनी दुखरी शीर विजेच्या झटक्यासारखी पेटली. त्या घडीला तुमचे दादा आठवतही नव्हते.

गेल्या महिन्यात मुंबईत माझं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कानामागे छेद घेऊन त्या शिरेवर दाबणारी रक्तवाहिनी बाजूला केली. गाल शांत झाला. आता कुठे मला ह्यांच्यासाठी रडू येतं, तांदूळ निवडतानाही येतं, पण आवाज होत नाही. तुम्ही मात्र ती किंकाळी अभिमानानं सांगता आणि मी मान डोलावते.

तुमच्यापुढे खोटी पडलेली,
जनी