कोणत्या बेकरीचा पाव

प्रिय ढब्बू,

पत्र लिहायला फार उशीर झाला, माफ कर. हे ‘माफ कर’ सवयीने लिहिलं. खरं म्हणजे कोणी कोणाची माफी मागायची हाच प्रश्न आहे. पण पत्राची सुरुवात भांडणाने करू नये असं आम्हाला चौथीत शिकवलं होतं, आणि मी चौथी दोनदा केल्यामुळे ते पक्कं डोक्यात बसलंय. याआधी बऱ्याचदा लिहायला बसलो. दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत तुला शिव्या आल्या आणि कागद फाडावा लागला. फोन करणार नाही. मागच्या वेळी फोनवर माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवून दिलास. हे पत्रही तू ठेवून देशील कदाचित, पण राग उतरल्यावर पुन्हा उघडशील. निदान तेवढा तरी तू ताईचा मुलगा आहेस.

तू आता पन्नाशीला आलास, डोक्यावरचे केस गेले, हाताखाली माणसं आहेत असं ऐकतो. तरी मला तू ढब्बूच. लाँड्रीत माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली बसून चादरींचं घर करायचास आणि कोणी गिऱ्हाईक आलं की आतून ओरडायचास, ‘मामा घरी नाहीत!’ मालक मला बोलायचा, मी तुला बोलायचो आणि ताई मला बोलायची. तेव्हा दुनियेचा क्रम नीट होता. आता तुला बोलणारं कोणी उरलं नाही, म्हणून ते काम मी अंगावर घेतो.

पाय बरा होईपर्यंत, म्हणाला होतास. तुझ्या आईला त्या वृद्धाश्रमात ठेवताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होतास, ‘मामा, तात्पुरतं आहे, पाय बरा झाला की बघू.’ पाय केव्हाच बरा झाला. ती काठी घेऊन व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते, वाटेत कोणाच्या पलंगावरची चादर वाकडी असेल तर सरळ करते आणि ज्याची चादर असेल त्याला दोन शब्द सुनावते. पाय बरा झाला, मग तू काय बघितलंस? तू तिचं घर भाड्याने दिलंस. ते मला घरातलं सामान उचलायला आलेल्या माणसाकडून कळलं. सख्ख्या मामाला हमालाकडून! माझी खोली तिसऱ्या मजल्यावर नसती आणि जिना इतका उभा नसता, तर मी तुला विचारायलाही थांबलो नसतो, तिला घेऊन आलो असतो. पण त्या जिन्याने मीच मध्ये एकदा टेकून चढतो. ती कशी चढणार?

आता मुद्द्याचं. तिच्या खाण्याचं तुला माहीत आहे, का तेही विसरलास? जिने आयुष्यभर दुधाचं केंद्र चालवलं, पहाटेपासून लोकांच्या किटल्या भरल्या, ती म्हातारपणी दुधाला शिवत नाही. हे खूळ तुझ्या लेकीने तिच्या डोक्यात घातलं. त्या सुट्टीत ती आजीकडे राहायला आली होती, तेव्हा वासरांचं काय होतं, कोंबड्यांचं काय होतं, सगळं आजीला सांगत बसली. व्हीगन का काय तो तुमचा शब्द. मी म्हणालो, ताई, पोरगी जाईल चार दिवसांनी, तू कशाला उपाशी मरतेस? ती म्हणाली, ‘मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, आता सांगितलंय.’ झालं. एकदा तिने मान फिरवली की फिरवली. शिवाय दूध सोडल्यापासून तिचं पोटही शांत झालं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

आजी-नात मिळून तो कोंब आलेल्या गव्हाच्या पिठाचा पाव करायच्या. मी स्टुलावर बसून नावं ठेवायचो. गहू भिजवायचे, निथळायचे, कोंब काढायचे, वाळवायचे, मग दळायचे आणि मग पाव. मी म्हणायचो, अगं, एवढ्या वेळात माणूस शेती करून येईल. ताई म्हणायची, ‘तू गप्प बस आणि चाळणीवरचं फडकं ओलं कर.’ तेव्हा नावं ठेवता ठेवता जे बघितलं, त्यावरच आज माझं चाललंय.

कारण आश्रमात ती जेवेना. तिथल्या प्रत्येक पदार्थात दूध नाहीतर लोणी. पावावरसुद्धा चकाकी यावी म्हणून अंडं फासतात. स्वयंपाकीण म्हणते, चमचाभर दुधाने कोणी मरत नाही. ताई भांडली नाही, तिने ताट सरकवून ठेवलं. उकडलेले बटाटे आणि केळी, केळी आणि बटाटे. मी जायचो तेव्हा म्हणायची, भूक नाही. मनगटावरचं घड्याळ घसरून कोपराकडे जायला लागलं. पट्ट्याला मी दाभणाने नवीन भोक पाडून दिलं, पुढच्या खेपेला तेही सैल. मी तुला फोन केला. एकदा वाजून वाजून बंद झाला, एकदा कोणी बाई यंत्रातून बोलली की निरोप ठेवा. यंत्राला काय सांगू, तुझी आई वाळत चालली आहे म्हणून?

म्हणून मी पाव करायला घेतला. तिचा तो छोटा विजेचा ओव्हन त्या हमालाने माझ्याकडे आणून टाकला होता, त्यात मी जुने जोडे ठेवत होतो. हसू नकोस. पहिल्यांदा गव्हाला कोंब आले की नाही या काळजीने मी इतके दिवस वाट बघितली की चाळणीत हिरवं गवत उभं राहिलं. ते तसंच वाळवून दळलं. पाव वरून लाल आणि आतून कपड्यांच्या खळीसारखा चिकट. सुरी बाहेर येईना. कोंबाचं नुसतं पांढरं टोक दिसलं की थांबायचं असतं, हे मला नंतर आठवलं. दुसऱ्या वेळी गहू नीट वाळले नव्हते, तर गिरणीवाला गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, ‘आजोबा, दगड चिकटले तर साफ कोण करणार, तुमचे तीर्थरूप?’ आता दाताखाली कट्‌कन मोडला तरच गहू नेतो, आणि दात मोजकेच असल्यामुळे जपून मोडतो. अंड्याच्या जागी जवस भिजवून तो बुळबुळीत लगदा घालायचा, वरून दुधाऐवजी तेलाचा हात. हे सगळं जमलं. जमेना ते एकच, ओव्हन न उघडणं. फुगतोय का, बसला का, करपला का, मी दर थोड्या वेळाने दार उघडून बघायचो आणि पाव हिरमुसून खाली बसायचा. शेवटी मी ओव्हन लावून खोलीला बाहेरून कडी घालतो आणि जिन्यात जाऊन बसतो. शेजारीण विचारते, घरात कोण आहे? मी म्हणतो, पाव आहे.

पहिला बरा पाव फडक्यात गुंडाळून घेऊन गेलो, तर आश्रमाच्या बाईंनी दारातच अडवला. बाहेरचं खाणं चालत नाही. ज्यांनी दाखल केलंय त्यांनी व्यवस्था केली असेल तरच. मी म्हणालो, मी भाऊ आहे. त्या म्हणाल्या, भाऊ असाल हो, दाखल मुलाने केलंय. ढब्बू, माझं डोकं फिरलं. तिला कडेवर घेऊन फिरलेला मी, तिच्या लग्नाआधीपासून तिचा भाऊ असलेला मी, आणि माझ्या हातचा पाव आत जायला तुझी परवानगी. नाही, चुकलो, कडेवर तिने मला घेतलं होतं. घाईत काहीच्या काही लिहितोय. तर रागाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मुलानेच व्यवस्था केलीय. बेकरीतून येतो. मी नुसता पोहोचवतो.’

बाई एकदम गोड झाल्या. म्हणाल्या, असं सांगा ना मग. आणि स्वतः तो पाव घेऊन आत गेल्या आणि माझ्या आधी ताईला सांगून मोकळ्या झाल्या, की बघा आजी, तुमच्या मुलाने खास तुमच्यासाठी पाव लावलाय.

ताईचा चेहरा तू बघायला हवा होतास. मी बघितला, म्हणून तर आज लिहायला बसलोय. तिने आधी पाव नाकाशी नेला. मग शेजारच्या पलंगावरच्या मास्तरीणबाईंना म्हणाली, ‘सांगत होते ना, तो विसरणारा नाही. कामात असतो एवढंच.’ आणि दोन जाड तुकडे खाल्ले. माझ्यासमोर, बटाट्याशिवाय. मी तिथे उभा राहून काय करणार होतो? नाही गं ताई, तुझा लेक विसरलाय, हा माझा पाव आहे, असं म्हणणार होतो? लाँड्रीत चाळीस वर्षं दुसऱ्याचे कपडे कडक करून दिले, कधी वाईट नाही वाटलं. त्या दिवशी वाटलं.

तेव्हापासून दर आठवड्याला मी पाव करतो आणि नाव तुझं होतं. घड्याळ आता मनगटावर थांबतं. मास्तरीणबाईंनासुद्धा एक तुकडा मिळतो, तुझ्या कौतुकाबरोबर. वरून बेकरीवाल्याचा उद्धार मला ऐकावा लागतो. ‘मीठ हात सैल सोडून घालतो मेला. सांग त्याला.’ सांगतो, म्हणतो. ‘आणि मागचा एका बाजूने करपला होता, झोपला होता की काय?’ नाही गं, जिन्यात बसला होता, असं तोंडावर आलेलं गिळतो. एकदा माझ्या मनगटावर भाजल्याचा डाग बघून विचारलं, काय झालं? म्हणालो, इस्त्री लागली. म्हणाली, ‘काम सोडून इतकी वर्षं झाली, आता कोणाच्या इस्त्र्या करतोस?’ मी विषय बदलला. ती बराच वेळ त्या डागाकडे बघत होती. तेव्हापासून मला धड झोप नाही. तिला काय कळलंय आणि काय नाही, ते तिच्या तोंडावरून तुझ्या बापालाही कधी कळलं नव्हतं.

तुला वाटत असेल, म्हातारा आता पैसे मागेल नाहीतर ये म्हणून रडेल. दोन्ही नाही. तू ये असं शंभरदा सांगून झालं, आता माझी जीभ झिजली. मी लिहितोय ते वेगळ्याच भीतीने. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आश्रमातून तुला तिचा फोन येईल. दर महिन्याला येतो, आणि दर वेळी तू ‘आई, गाडी चालवतोय, नंतर बोलू’ म्हणतोस, ती ‘बरं बरं, सावकाश चालव’ म्हणते आणि संपतं. पण या वेळी तिने बाईंना आधीच सांगून ठेवलंय की मला जरा जास्त वेळ बोलायचंय. मी विचारलं, कशाला? तर माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, ‘त्यालाच विचारते, कोणत्या बेकरीचा पाव आहे.’ ढब्बू, त्या वेळी ‘कसला पाव?’ असं म्हणू नकोस. तुझ्या पाया पडतो, वयाने मोठा असून पडतो. ते दोन शब्द तू बोललास तर आश्रमात पाव बंद होईल, त्याचं मी काहीतरी बघेन, बाईंशी भांडेन, भिंतीवरून टाकेन. पण ती पुन्हा ताट सरकवेल, आणि या वेळी माझा पावसुद्धा खाणार नाही. म्हणून नुसतं म्हण, ‘हो आई, मीच लावलाय. आवडतो ना?’ बेकरीचं नाव विचारलं तर लक्षात नाही म्हण, तुझ्या लक्षात नसणं तिला सहज पटेल. माझा उल्लेख करू नकोस. आणि गाडी बाजूला उभी कर, तिला बोलू दे, मिठाबद्दलसुद्धा. माझा राग गेलेला नाही, आहे तिथेच आहे, तू समोर आलास तर कान धरेन. पण त्या रविवारच्या आधी मला दोन ओळी टाक. दोन जमत नसतील तर नुसतं ‘हो मामा’ लिही. पोस्टमन दुपारी येतो आणि मी तेव्हा खालीच, पायरीवर बसलेला असतो. लवकर कळव रे.

तुझाच,
मामा